मे महिन्यातली दुपार धरून प्रोसेसरचा कूलर निवड

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात धायरीत राहतो. कॉलेज सांभाळून ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशनची छोटी कामं घेतो, त्यातून थोडे पैसे सुटतात. दिवाळीत सेकंड हँड कोअर आय५ १२६००के प्रोसेसर आणि झेड६९० मदरबोर्ड घेतला. रॅम ३२ जीबी डीडीआर४, उंच पत्र्याची, लाइटवाली. ग्राफिक्स कार्ड जुनं जीटीएक्स १६५०. प्रोसेसरवर सध्या ९२ मिमी पंख्याचा लहान कूलर आहे. रेंडर (ॲनिमेशनच्या तयार फ्रेम काढण्याचं काम) लावलं की दहा मिनिटांत ९७ अंश दिसतात. तेव्हा खोलीत ३४ असतात आणि पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसरची खपत, १२८ वॅट. मला सगळे पी-कोअर (प्रोसेसरचे वेगवान भाग) ५ गिगाहर्ट्‌झवर चालवायचे आहेत. बजेट पाच हजार. एक मित्र म्हणतो, लिक्विड कूलरच घे. दुसरा त्याचा जुना हायपर २१२ कूलर फुकट देतोय, तो त्याच्या दहाव्या पिढीच्या आय५वर होता. माझी खोली गच्चीखालची. कॅबिनेटला पुढून काच आहे, आत पुढे दोन आणि मागे एक पंखा. माहितीपत्रकात कूलरची उंची १५८ मिमीपर्यंत लिहिली आहे. यूपीएस ६०० व्हीएचा. रेंडर बहुतेक रात्री चालतं आणि पंख्याच्या आवाजाने आईची झोपमोड होते. बाबा म्हणतात, चालतंय ना, मग खर्च कशाला? काय घेऊ?
– एक वाचक, धायरी

उत्तर:

नमस्कार.

तुझ्या पत्रात खोलीचं तापमान आहे, प्रोसेसरचं आहे आणि वॅटही आहेत. हे तीन आकडे हाताशी असले की कूलर अंदाजपंचे निवडावा लागत नाही. म्हणून आधी तुझ्याच आकड्यांकडे वळते.

९७ मधून ३४ वजा कर. ६३ अंश उरले. त्यांना १२८ वॅटने भाग. उत्तर साधारण ०.४९. म्हणजे आजचा कूलर आणि आजचं कॅबिनेट धरून, प्रत्येक वॅटमागे तुझा प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा अर्धा अंश वर चढतो. एअर कूलर प्रोसेसरमधली उष्णता उचलून भोवतालच्या हवेत सोडतो, एवढंच त्याचं काम. त्या हवेपेक्षा खाली तो तापमान नेऊच शकत नाही. खोली एका अंशाने तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो.

आता डोळ्यांसमोर मे महिना आण. गच्चीखालची खोली, दुपारचे तीन, स्लॅब सकाळपासून तापलेला. आत ३८-३९ सहज होतात. ३९ आणि ६३ मिळून १०२. १२६००केची मर्यादा १०० अंशांची आहे. तिथे पोचला की तो आपणहून वेग उतरवतो. म्हणजे ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) राहू दे बाजूला, कंपनीने दिलेल्या वेगालाही हा कूलर उन्हाळ्यात पुरणार नाही. बाबांना हे गणित कागदावर मांडून दाखव. "चालतंय ना" हे त्यांचं म्हणणं आज खरं आहे, ऊन वाढेपर्यंत खरं राहील. त्यानंतर तेच रेंडर जास्त वेळ घेऊ लागेल आणि पंखा मात्र पूर्ण जोराने ओरडत राहील.

परीक्षणं बघून कूलर निवडणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. त्या चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या, एसी असलेल्या खोलीत झालेल्या असतात. तिथे ७५ अंश दाखवणारा कूलर तुझ्या खोलीत मे महिन्यात ८८-९३ दाखवेल. कूलर तोच, हवा वेगळी. काही परीक्षक खोलीचं तापमान वजा करून फक्त वरची वाढ देतात. तो आकडा मिळाला तर तोच घे आणि त्यात तुझ्या खोलीची दुपार मिळव. खोक्यावर "२५० वॅटपर्यंत" असं छापलेलं असतं, त्याच्या भरवशावर राहू नकोस. ते वॅट कसे मोजायचे याचा सर्व कंपन्यांना लागू असलेला एक नियम नाही.

पुढचा प्रश्न ५ गिगाहर्ट्‌झला किती वॅट लागतील हा. प्रोसेसरची खपत वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून खपत दोन्हीकडून फुगते. तुझ्या चिपचे सगळे पी-कोअर एकदम चालताना ४.५ गिगाहर्ट्‌झवर असतात. समज, तिथे तिला १.२० व्होल्ट लागतात आणि ५ ला १.३२. व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढलं, त्याचा वर्ग १.२१. वेग १.११ पट. गुणाकार केला तर सुमारे १.३४ पट. तुझे १२८ वॅट होतात साधारण १७०. हे व्होल्टचे आकडे मी धरलेले आहेत, प्रत्येक चिपचे वेगळे असतात. तुझे खरे आकडे एचडब्ल्यूइन्फो या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतील, ते घालून गणित पुन्हा कर.

आजच्या कूलरवर १७० वॅट म्हणजे खोलीच्या वर ८३ अंश. त्याचा विचारही नको. पत्र्यांचे दोन मनोरे आणि सहा हीट पाइप (उष्णता वाहणाऱ्या नळ्या) असलेल्या चांगल्या मोठ्या एअर कूलरला वॅटमागे ०.३०च्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणजे ५१ अंश. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा चार अंश गरम धर. मे महिन्यातल्या दुपारी ३८, ४ आणि ५१ मिळून ९३. रात्री खोली ३४वर आली तर ८९. चालेल, पण ९३ म्हणजे पत्र्यांत थोडी धूळ साचली किंवा प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट जुनी झाली की संपलं. एवढ्या काठावर मी मशीन ठेवणार नाही, तूही ठेवू नकोस.

आता तेच ४.८ वर करून बघ. व्होल्टेज १.२४ धरलं तर खपत १.१४ पट, म्हणजे १४६ वॅट. कूलरच्या हिशेबाने ४४ अंश. मे महिन्यातली दुपार ८६, रात्र ८२. सुटकेचा श्वास घ्यावा असे आकडे आहेत हे. आणि या दोन वेगांत कामाचा फरक किती? ४.५ वर एक तास घेणारं रेंडर ४.८ वर सुमारे ५६ मिनिटं घेईल, ५ वर ५४. तेही सगळं काम पी-कोअरवरच आहे असं धरून. चार ई-कोअर (कमी वीज खाणारे, हळू भाग) आपल्या वेगावरच राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक आणखी कमी पडेल. तासामागे दोन मिनिटांसाठी २५ वॅट जास्त. थंडीत खुशाल कर, वैशाखात नको.

म्हणून माझा आग्रह असा की बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेव. झेड६९० बोर्डांवर ही सोय असते. मार्च ते पावसाला सुरुवात होईपर्यंत ४.८, मग पुढे ५. पुण्यात पाऊस लागला की गच्चीखालची खोलीही निवते आणि तुला सात-आठ अंशांची मोकळीक आयती मिळते. कूलर मात्र मे महिना धरूनच घ्यायचा.

पण पाच हजार काढण्याआधी एक चाचणी कर, तिला पैसे लागत नाहीत. आहे त्या कूलरवर नेहमीचं रेंडर लाव, वीस मिनिटं होऊ दे, तापमान लिहून ठेव. मग कॅबिनेटची बाजूची काच काढ आणि तेच रेंडर पुन्हा लाव. खोलीचं तापमान दोन्ही वेळा सारखंच हवं, तेव्हा हे संध्याकाळी एकापाठोपाठ एक उरकून टाक. काच काढल्यावर दोन-तीन अंश उतरले तर कॅबिनेट ठीक आहे. सहा-सात किंवा जास्त उतरले तर दोष कॅबिनेटचा. मग कितीही महाग कूलर बसवलास तरी तो आपलीच गरम हवा पुन्हापुन्हा घेत राहील. समोर अख्खी काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हे हमखास दिसतं. पुढचे पंखे दिसायला झकास फिरत असतात, पण त्यांना हवा मिळते ती काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून. अशा वेळी पुढची काच काढून तिथे जाळी बसवता येते का बघ. काही मॉडेलांचा पुढचा भाग चार स्क्रूंवर किंवा खाचांवर सुटतो. नाहीच जमलं तर कूलरसाठी ठेवलेल्या पैशातले काही जाळीच्या कॅबिनेटकडे वळव आणि कूलर एक पायरी खालचा घे. माझ्या मते कॅबिनेट आधी.

आता नाव घेऊन सांगते. तुझ्यासाठी थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई. दोन मनोरे, ६ मिमीच्या सहा नळ्या, १२० मिमीचे दोन पंखे, उंची १५५ मिमी, आणि तुझ्या पैशात बसतो. तुझी मर्यादा १५८ आहे, म्हणजे तीन मिमी शिल्लक. याच वर्गातला डीपकूल एके६२० उत्तम कूलर आहे, पण तो १६० मिमी. नॉक्टुआ एनएच-डी१५ चा बोलबाला आहे आणि तो सार्थही आहे. त्याची उंची १६५ आणि किंमत तुझ्या बजेटच्या बरीच पलीकडे. दोन्ही तुझ्यासाठी बाद. माहितीपत्रकातल्या १५८वर डोळे झाकून विसंबूही नकोस. सध्याचा कूलर काढशील तेव्हा प्रोसेसरच्या झाकणापासून बाजूच्या काचेच्या पातळीपर्यंत स्टीलची पट्टी उभी धरून माप घे. काचेच्या आतल्या बाजूला रबर किंवा पत्र्याची कड असेल तर ती वजा कर.

खरी अडचण उंचीत नाही, तुझ्या रॅममध्ये आहे. दोन मनोऱ्यांच्या कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या अगदी डोक्यावर येतो. त्याच्याखाली जागा उरते ती साध्या, बुटक्या रॅमपुरती. तुझी लाइटवाली रॅम ४४ मिमीच्या आसपास असेल. तिला वाट द्यायची तर पंखा क्लिपवरून आठ-दहा मिमी वर सरकवावा लागतो. म्हणजे १५५चा कूलर १६४चा झाला आणि काच बसेना. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. घरी आणल्यावर, पेस्ट लावून, स्क्रू कसून झाल्यावर कळतं.

यावर उपाय सोपा आहे. पुढचा पंखा लावूच नकोस. दोन मनोऱ्यांच्या मधला पंखा सगळ्यात महत्त्वाचा, तो दोन्ही मनोऱ्यांतून हवा ओढतो आणि ढकलतो. उरलेला पंखा मागच्या मनोऱ्याच्या मागे लाव, कॅबिनेटच्या मागच्या पंख्याच्या तोंडाशी. क्लिप तिथेही बसतात. फक्त तो पंखा उलटा बसवू नकोस, तिन्ही पंख्यांची हवा पुढून मागे, एकाच दिशेने गेली पाहिजे. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो. नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचा पंखा गेल्याने नुकसान झालंच तर दोन-तीन अंशांचं. शंभर टक्के त्याच जागी पंखा हवा असेल तर साधी, बिनपत्र्याची रॅम घ्यावी लागेल आणि त्यासाठी मी तुला पैसे घालवू देणार नाही.

मित्राच्या हायपर २१२बद्दल. तो कूलर वाईट नाही, एका पिढीने त्याच्यावर मशीन बांधली. पण दोन गोष्टी आहेत. दहाव्या पिढीच्या आय५चं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए१२००. त्याच्याभोवतीच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी, तुझ्या एलजीए१७०० चं ७८. शिवाय प्रोसेसरची उंचीही थोडी कमी. जुनं ब्रॅकेट ओढूनताणून बसवलं तर कूलरचा तळ नीट टेकत नाही आणि तापमान आज आहे त्यापेक्षाही बिघडू शकतं. १७००चं ब्रॅकेट वेगळं मिळवलंस तरी दुसरी गोष्ट उरते. तो एक मनोरा आणि चार नळ्यांचा आहे. त्याच्या नळ्या थेट प्रोसेसरला टेकतात. आतली चिप झाकणाच्या मधोमध, आकाराने लहान. त्यामुळे कडेच्या नळ्यांपर्यंत उष्णता पुरेशी पोचत नाही. ४.५ वर तो तुला उन्हाळा निभावून देईल, ४.८ वर मे महिन्यात नव्वदीच्या वर नेऊन ठेवेल. पुढे कधी ओव्हरक्लॉकचा नाद सोडलास तर तो किंवा डीपकूल एके४०० तुला पुरेसा आहे.

या नळ्यांत काय असतं ते माहीत असलं की नळ्यांची संख्या का मोजायची ते कळतं. तांब्याची बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली, थोडंसं पाणी, आणि भिंतीला आतून सच्छिद्र थर. दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानालाच वाफ होतं. ती वाफ वरच्या पत्र्यांकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि सच्छिद्र थरातून झिरपत खाली येते. पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. प्रत्येक नळीची वाहून नेण्याची मर्यादा असते, म्हणून १७० वॅटला चारपेक्षा सहा बऱ्या. आणि म्हणूनच नळी वाकवायची किंवा चेपायची नाही. सेकंड हँड कूलर घेताना आधी नळ्यांवरून बोट फिरवून बघावं.

लिक्विडचं थोडक्यात सांगते. तोही उष्णता शेवटी तुझ्या खोलीच्या त्याच ३८ अंशांच्या हवेत सोडतो. २४० मिमीचा चांगला लिक्विड कूलर या एअर कूलरपेक्षा काही अंश पुढे असेल, पण पाच हजारांतला नाही. आणि त्यात पंप आहे, तो कधीतरी जातो. गेला की अख्खं युनिट बदलावं लागतं आणि तोवर मशीन बंद. एअर कूलरचा पंखा गेला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन १२० मिमीचा पंखा आणायचा आणि त्याच संध्याकाळी रेंडर लावायचं. ज्याची कमाई मशीनवर आहे त्याने ही गोष्ट मोजली पाहिजे.

बसवताना घाई करू नकोस. सुट्टीच्या दिवशी सकाळी, उजेडात बस. जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ दे, मग बंद करून, वायर काढून, कूलर किंचित डावीकडे-उजवीकडे फिरवत सैल कर. सरळ वर उपटू नकोस. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बाटली मिळते. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते काढ. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण दुरुस्तीला येणाऱ्या "नवीन कूलर टाकूनही तापतो"वाल्या मशीनमध्ये मी सर्वांत आधी तेच बघते, आणि ते तिथे सापडतं. तुझ्या प्रोसेसरचं झाकण लांबट आहे, तेव्हा पेस्टचा एक ठिपका कडांपर्यंत पोचत नाही. लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ किंवा फुली काढ. स्क्रू कसताना आधी एका बाजूचे चार-पाच आटे, मग दुसऱ्या बाजूचे, असं आलटून पालटून, थांबेपर्यंत. एकच बाजू पूर्ण कसून मग दुसरीकडे गेलास तर पेस्ट एका कडेला सरकते. दोन पंख्यांना जोडणारी वायर खोक्यात असते, ती बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर लाव. दुसरीकडे लावलीस तर बोर्ड सुरू होतानाच तक्रार करेल.

व्होल्टेजच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगते. तापमान खाली आहे म्हणून व्होल्टेज चढवत जाऊ नकोस. उष्णता आणि व्होल्टेज ही दोन वेगळी दुखणी आहेत. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत बिघाड निघाले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्याने चिप कायमच्या बिघडत होत्या. कंपनीने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) बदलले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुझी बारावी पिढी त्यात नाही. पण तुझा प्रोसेसर सेकंड हँड आहे, मागच्या माणसाने त्याला कसं वापरलं ते आपल्याला ठाऊक नाही आणि बिघडला तर दाद मागायला जागा नाही. ४.८ साठी लागतं तितकंच व्होल्टेज दे. आधी १.२२ ने सुरुवात कर, रेंडर अर्ध्यात बंद पडलं तर ०.०१ ने वाढव. वर ५ साठी धरलेले १.३२ हिशेबापुरते होते; प्रत्यक्षात ५ साठी १.३० ओलांडायची वेळ आली तर ५चा हट्ट सोड, ४.९ वर थांब.

एएमडीचे राइझन प्रोसेसर वापरणाऱ्या वाचकांसाठी इथेच एक ओळ: ७००० मालिकेचे एक्स प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत, मोठा कूलर लावला तरी ते वेग वाढवून तिकडेच झेपावतात. तिथे नुसतं तापमान बघून कूलर तोलू नका, त्या तापमानाला वेग किती टिकतो ते बघा.

आईच्या झोपेचं. ९२ मिमीचा पंखा तेवढीच हवा द्यायला फार वेगाने फिरतो, त्याची शीळ घुमते. १२० मिमीचे दोन पंखे मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास ते काम करतात आणि त्यांचा आवाज खोलीतल्या छताच्या पंख्यात विरून जातो. तरी बायोसमध्ये पंख्याचा आलेख तू स्वतः घाल. साठ अंशांपर्यंत ४० टक्के, ऐंशीला ७० टक्के, नव्वदच्या पुढे पूर्ण. शिवाय वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायचा पर्याय असतो, तो लाव. आवाजाने माणूस जागा होतो तो बऱ्याचदा चढउताराने, एकसारख्या घरघरीला कान सरावतात. दार बंद करून रेंडर लावत असशील तर खिडकी उघडी हवी. नाहीतर मशीनचे तीनेकशे वॅट रात्रभर त्या बंद खोलीतच जिरतात आणि पहाटेपर्यंत खोली तापलेलीच राहते.

डेझर्ट कूलर असेल तर एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेत त्याने खोली चार-पाच अंशांनी उतरू शकते आणि तो फायदा थेट प्रोसेसरला मिळतो. फक्त त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नकोस. पाण्याचे बारीक थेंब आणि क्षार आत जातात.

धूळ हा आपल्याकडचा कायमचा विषय. धायरीत चहूकडे बांधकामं सुरू आहेत, तुला हे वेगळं सांगायला नको. वरून कूलर स्वच्छ दिसतो, पण पंखा काढला की पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये धुळीचा करडा थर गालिच्यासारखा बसलेला असतो. हवा तिथेच अडते. कॅबिनेटची जाळी उन्हाळ्यात पंधरवड्याला धुऊन वाळव. कूलरचे पंखे दोन-तीन महिन्यांनी काढ आणि ब्लोअरने मागून पुढे हवा मार, पंख्याची पाती बोटाने धरून. तशीच हवा मारली तर पंखा नको तेवढ्या वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते. आणि हा कूलर जड आहे, बोर्डाला आडवा लटकलेला असतो. कॅबिनेट कुठे न्यायचं झालं तर ॲक्टिवाच्या पुढे उभं ठेवून खड्ड्यांतून नेऊ नकोस. रिक्षा कर आणि बोर्ड खाली, काच वर असं आडवं झोपवून ने.

यूपीएसचा उल्लेख तू सहज केलास, पण तिथे लक्ष दे. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. ओव्हरक्लॉकनंतर प्रोसेसर १७०, बाकी मशीन, पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीज आणि मॉनिटर मिळून तू तीनशेच्या जवळ जाशील. ग्राफिक्स कार्डही कामाला लागलं तर आणखी. वीज गेली की जुनी बॅटरी एवढ्या भाराखाली मिनिटभरही धरेल याची खात्री नाही. गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात, त्या दिवशी लांब रेंडर लावू नकोस. आणि ब्लेंडरमध्ये थेट व्हिडिओ फाइल काढत असशील तर ती सवय आजच बदल. फ्रेमची एकेक पीएनजी सेव्ह होऊ दे, व्हिडिओ नंतर जोड. वीज गेली किंवा ओव्हरक्लॉक अस्थिर होऊन मशीन बंद पडलं तरी जाईल ती एक फ्रेम, आणि तिथूनच पुढे सुरू करता येईल.